‘करतो’ आणि ‘करवून घ्यावं लागतं’: मानसिक आजाराच्या दिव्यांग प्रमाणपत्राची तयारी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. भाऊ एकतीस वर्षांचा, नऊ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, गोळ्या चालू आहेत. मागच्या वर्षी बोर्डासमोर, म्हणजे दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांसमोर, नेलं तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आत बसवलं, म्हणून पांढरं कार्ड आलं आणि संजय गांधी योजनेसाठी तहसीलमध्ये गेलात तर ‘यावर काही होत नाही’ म्हणून परत पाठवलं. आता फेरतपासणीची तारीख मिळाली आहे. तयारी काय करायची, या वेळी वेगळं काय सांगायचं आणि ‘मी अपंग नाही, मी येणार नाही’ म्हणणाऱ्या भावाला न्यायचं कसं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी बावीस वर्षं सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते आहे. बोर्डाच्या दिवशी डॉक्टरांच्या शेजारी बसून घरच्यांकडून माहिती लिहून घेणं हे माझं काम. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तुम्हाला सांगू शकेन.

काही वर्षांपूर्वीची एक आई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पहाटेच्या एसटीने निघून दहाच्या आत पोचली होती. मुलगा पस्तिशीचा. त्याला इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, दाढी केलेली, खिशाला रुमाल. पाहुणे बघायला येणार असावेत तसा तिने त्याला तयार केला होता. डॉक्टरांनी विचारलं, “आंघोळ करतो का?” आई म्हणाली, “हो, रोज करतो.” “जेवतो?” “जेवतो की.” “काही काम?” “भावाच्या दुकानात बसतो.” सात-आठ मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर मी तिला बाकावर बसवलं आणि म्हटलं, “मावशी, आंघोळीचं नीट सांगा मला. पाणी कोण काढतं?” तर पाणी ती काढते. तीनदा हाक मारते, मग हाताला धरून न्हाणीपर्यंत नेते, साबण हातात देते, बाहेर उभी राहून ‘डोक्यावर घे, आता पाठीवर घे’ म्हणत राहते. नाहीतर तो कोरडा तसाच बाहेर येतो. दुकानात ‘बसतो’ म्हणजे खुर्चीवर बसतो. गिऱ्हाईक आलं की उठून आत जातो. गेल्या चार वर्षांत त्याने एकदाही गल्ल्याला हात लावलेला नव्हता.

त्या माउलीने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण आपल्या भाषेत ‘करतो’ आणि ‘करवून घ्यावं लागतं’ यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच अंतर चाळीस टक्क्यांच्या खालच्या पांढऱ्या आणि वरच्या पिवळ्या कार्डात असतं. तुमच्या घरीही मागच्या वर्षी असंच झालं असावं, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तुम्हीच लिहिलंय, ‘तो तसा स्वतःचं स्वतः करतो.’ हा ‘तसा’ काय आहे, ते या वेळी उलगडून सांगायचं आहे.

टक्के येतात कुठून, ते आधी समजून घ्या, म्हणजे काय सांगायचं ते आपोआप कळेल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. मानसिक आजार १९९५ च्या जुन्या कायद्यातही होता. प्रत्येक प्रकार मोजायची पद्धत वेगळी आहे. मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ नावाची मापनश्रेणी वापरतात. त्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे अडचण नाही, चार म्हणजे पूर्ण परावलंबी. आजार किती काळाचा आहे, त्याचे आणखी एक ते चार गुण मिळतात. सगळे मिळून वीस. बेरीज सात किंवा त्याहून जास्त आली की माणूस चाळीस टक्क्यांच्या वर जातो. सहा आली तर खालीच राहतो.

आता त्या आईच्या उत्तरांवर गुण देऊन बघा. आंघोळ-जेवण स्वतः करतो, म्हणून शून्य. माणसांत फार मिसळत नाही, एक. बोलतो, समजतं, शून्य. दुकानात बसतो, एक. झाले दोन. काळाचे चारच्या चार मिळाले तरी बेरीज सहा. एका गुणाने गेलं. खरी परिस्थिती सांगितली असती तर काळजीचे दोन, संबंधांचे दोन, समजण्याचा एक आणि कामाचे तीन, म्हणजे नुसते आठ तिथेच झाले असते. काळाचे गुण अजून बाजूलाच. आजार तोच, माणूस तोच, डॉक्टरही तेच.

आजाराचं नाव किती मोठं आहे यावर टक्के ठरत नाहीत, हे यावरून लक्षात येईल. पुष्कळ लोक बोर्डासमोर आजाराची गोष्ट सांगतात. कधी सुरू झाला, कोणाकोणाला दाखवलं, किती पैसे गेले, देवाचं काय काय केलं. ते सगळं खरं असतं आणि ऐकताना पोटात कालवतं, पण त्यासाठी तक्त्यात रकाना नाही. रकाना आहे तो आज, या महिन्यात, घरात काय होत नाही आणि त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला काय करावं लागतं, याचा.

म्हणून आजपासून एक वही घाला. दोनशे पानी नको, पोरांची साधी चाळीस पानी चालेल. तारखेपर्यंत रोज रात्री पाच-सहा ओळी लिहा. शब्द मोठे नकोत. ‘खूप त्रास देतो’ असं लिहू नका. काय झालं ते लिहा. एका बहिणीने आणलेल्या वहीतलं एक पान मला जवळजवळ पाठ आहे: ‘मंगळवार. साडेसातला उठवला, साडेनवाला उठला. दात घासायला दोनदा सांगितलं, घासले नाहीत. नाश्ता केला. बाराला मामा आले, तो खोलीत गेला, मामा जाईपर्यंत बाहेर आला नाही. दूध आणायला पाठवला, पैसे घेऊन कोपऱ्यावर उभा राहिला, शेजारच्यांनी घरी आणला. रात्रीची गोळी मी हातात दिली, पाणी दिलं, गिळली का ते पाहिलं.’ या एका पानात आयडियाजचे चारही भाग आले आहेत. डॉक्टरांनी तीन पानं वाचली आणि एक प्रश्न न विचारता आकडे भरले.

चांगला दिवस आला तर तोही लिहा. महिन्यात चार दिवस तो आपणहून आंघोळ करत असेल, तर ‘आज आपणहून केली’ असंच लिहा. असे दिवस लपवले की वही खोटी वाटते आणि ती खोटी असतेही. गेल्या काही वर्षांत बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून बोर्डावरचे लोक सावध झाले आहेत. खोट्याने लाभ घेतला तर २०१६ च्या त्याच कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तुमच्या भावासाठी वाढवून सांगायची गरजही नाही. जे आहे ते सांगितलं तरी पुरेल.

आता एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. तारखेच्या आधी त्याच्या गोळ्या बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही. ‘गोळ्यांनी तो शांत दिसतो, मग टक्के कमी देतात’ असं कोणीतरी तुम्हालाही सांगेल, दर महिन्याला कोणी ना कोणी मला ते विचारतंच. एका वडिलांनी पोराच्या गोळ्या बोर्डाआधी चार दिवस थांबवल्या होत्या. बोर्डाच्या दिवशी सकाळी तो मुलगा रुग्णालयाच्या फाटकातच रिक्षातून उतरेना, रिक्षावाल्यावर धावून गेला. तपासणी राहिली बाजूला, त्याला भरती करावं लागलं, आणि मूळच्या स्थितीला यायला त्याला पाच महिने लागले. ते वडील वॉर्डाबाहेर ज्या चेहऱ्याने बसायचे तो मला विसरता येत नाही. गोळ्या चालू असताना जे होत नाही, तेच मोजायचं असतं. उपचार नियमित चालू आहेत हे कागदावर दिसलं तर तुमची बाजू भक्कमच होते.

कागदांचं थोडक्यात सांगते. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या पोर्टलवरच्या अर्जाची पोच हे सगळेच नेतात. घरी राहतात ते जुने केसपेपर. नऊ वर्षांचा आजार म्हणता, तर नऊ वर्षांपूर्वीची एक तरी चिठ्ठी पाहिजे, कारण काळाचे गुण तोंडी सांगण्यावर द्यायला कोणी धजत नाही. पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी हरवली असेल तर त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या नोंदवहीत नाव शोधायला सांगा. कधी ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात भरती केलं असेल तर तिथल्या नोंदी जपलेल्या असतात. भरतीचं साल आणि वडिलांचं नाव देऊन डिस्चार्ज कार्डाची प्रत मागा. तालुक्याच्या रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर येत असतील आणि गोळ्या तिथून घेत असाल तर तिथल्या वहीतल्या नोंदीही चालतात. सगळे कागद तारखेनुसार लावा, सर्वांत जुना सर्वांत वर. वर एका कागदावर पाच-सात ओळींत लिहा: कोणत्या साली सुरू झालं, कुठे दाखवलं, किती वेळा भरती, शेवटची नोकरी किंवा शिक्षण कुठे थांबलं. प्रती जोडा, मूळ कागद कोणालाही देऊन येऊ नका. शिक्षण सुटल्याचा दाखला, नोकरीवरून कमी केल्याचं पत्र असं काही असेल तर तेही लावा. कामाच्या रकान्याला त्याच्याइतका बोलका पुरावा दुसरा नसतो.

आणि चालू डॉक्टरांकडून एक पत्र घ्या. नुसतं ‘स्किझोफ्रेनिया, उपचार चालू’ एवढं नको. ‘दैनंदिन कामांसाठी घरच्यांच्या देखरेखीची गरज आहे, नियमित काम करू शकत नाही’ असं, त्यांना जे खरं वाटतं ते, लिहायची विनंती करा. बहुतेक डॉक्टर विनंती केली की लिहून देतात, फक्त कोणी मागत नाही.

बोर्डाच्या दिवशी त्याच्यासोबत रोज राहणारं माणूस जाऊ द्या. पुण्याहून सुट्टी काढून आलेला मोठा भाऊ चार ओळी छान बोलतो, पण आंघोळीचं पाणी कोण काढतं हे त्याला माहीत नसतं. घरात जी करते ती आई असेल तर आईच जाईल, आणि तिला बोलायला जमत नसेल तर तुम्ही सोबत जाऊन वही पुढे करा. त्याला खास सजवू नका, मुद्दाम मळकंही ठेवू नका. घरी असतो तसा न्या. प्रश्न त्याला विचारला तर त्यालाच उत्तर देऊ द्या, मध्ये बोलू नका. तो ‘मी नोकरी करतो’ म्हणाला तरी त्याला तिथे खोटं पाडू नका. तो बाहेर गेला की डॉक्टरांना म्हणा, “मला दोन मिनिटं वेगळं बोलायचंय.” हे मागायला संकोचू नका. घरच्यांकडून माहिती घेणं हा त्या तपासणीचाच भाग आहे. ‘करतो का?’ असा प्रश्न आला की उत्तर एका शब्दात देऊ नका: कोण सांगतं, किती वेळा सांगतं, सांगितलं नाही तर काय होतं, हे तीन सांगा. दुपारची गोळी, डबा आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. गर्दीत त्याला त्रास होत असेल तर कोणीतरी त्याच्यासोबत बाहेर झाडाखाली थांबा आणि दुसऱ्याने नंबर धरा. नंबर आल्यावर बोलवायला शिपायाला सांगून ठेवा. शिपाई आणि सिस्टर याबाबतीत फार सांभाळून घेतात, हा माझा अनुभव आहे.

तुमच्यासारखेच दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांगत्वाबद्दल विचारणारे असतात, त्यांच्यासाठी चार ओळी. दृष्टीची मोजणी चष्मा लावून चांगल्या डोळ्यावर होते, म्हणून चष्मा घरी विसरू नका. एकच डोळा पूर्ण गेला असेल आणि दुसरा उत्तम असेल तर तीस टक्के धरतात, ते चाळीसच्या वर जात नाही, त्यात कोणाचा दोष नसतो. ऐकण्याचं दोन्ही कानांवर ठरतं. बौद्धिक दिव्यांगत्वाचं लहानपणी मिळालेलं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, मूल पाच, दहा आणि अठरा वर्षांचं झाल्यावर पुन्हा तपासणी करावी लागते. ती तारीख चुकली की शाळेपासून सगळं अडतं. दोन प्रकारची दिव्यांगत्वं असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. चाळीस आणि तीस म्हणजे सत्तर धरून घरी आलेली माणसं फार निराश होतात, म्हणून आधीच सांगितलं.

निकाल आला की कार्डाचा रंग पाहा. चाळीसच्या खाली पांढरा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, ऐंशी आणि वर निळा. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत असते. ती कॅलेंडरवर लिहा आणि मुदतीच्या आधी तीन महिने हालचाल सुरू करा. पुन्हा कमी टक्के आले, किंवा नाकारलं, तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि निर्णयाच्या तारखेपासून नव्वद दिवसांत अपील करा. मागच्या वर्षी तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही आणि ती मुदत निघून गेली, याचं मला फार वाईट वाटतं. अपिलाच्या अर्जात ‘अन्याय झाला’ एवढंच लिहू नका. वहीची पानं आणि डॉक्टरांचं पत्र जोडा, तपासणीत कोणता प्रश्न विचारला गेला नाही ते लिहा. यासाठीच बोर्डाहून घरी आलात की त्याच संध्याकाळी काय विचारलं, काय उत्तर दिलं, ते वहीत उतरवून ठेवा.

चाळीसच्या वर गेलात की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येईल. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजाराऐवजी महिना अडीच हजार मिळतात. अठरा ते पासष्ट वय, महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षं रहिवास आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत. अडकतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर, म्हणून तो आधी काढा, प्रमाणपत्राची वाट पाहत बसू नका. भावाच्या नावाचं खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा. पैसे मंजूर होऊन खात्यात न पडल्याची निम्मी गाऱ्हाणी माझ्याकडे याच कारणाने येतात. अर्ज सेतूत भरा किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या, पण शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. ग्रामसेवकाला भेटून भावाचं नाव त्या यादीत घालायला सांगा. आणखी एक: सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणात मानसिक आजारही येतो. आज तो विचार दूरचा वाटेल, पण तो बारावी झालेला आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून लक्षात असू द्या.

आता तुमचा तिसरा प्रश्न. त्याला फसवून नेऊ नका. ‘मामाकडे जाऊ’ म्हणून रुग्णालयात उतरवलेला माणूस पुढच्या वेळी गोळीसाठीसुद्धा विश्वास ठेवत नाही. ‘अपंग’ हा शब्द त्याला लागतो, आणि तो लागणारच. नऊ वर्षांपूर्वी तो कॉलेजला जायच्या गोष्टी करत होता. त्याच्याशी वाद घालू नका, ‘तू आहेसच’ असं पटवायलाही जाऊ नका. एका मुलाला त्याच्या बहिणीने काय सांगितलं ते सांगते. ती म्हणाली, “तू कसा आहेस ते ठरवायला आपण जात नाही. गोळ्यांना आणि एसटीला दर महिन्याला पैसे लागतात, ते सरकारकडून मागायला जातोय. मागायचे तर कागद लागतो.” तो म्हणाला, “कागदावर काय लिहिणार?” तिने खरं ते सांगितलं, आजाराचं नाव लिहितील म्हणून. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “पैसे माझ्या खात्यात येणार का?” ती हो म्हणाली, आणि ते तसंच केलं. पहिला हप्ता जमा झाला तेव्हा तो स्वतः पासबुक भरून आणायला बँकेत गेला होता, बहीण बाहेर उभी होती.

तुमच्या भावाशी बोलायला अजून वेळ आहे. एकदम सगळं सांगू नका, एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि त्याच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. मध्येच तो बिघडला, किंवा तुम्हालाच रात्री धीर सुटल्यासारखं झालं, तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, केव्हाही लागतो आणि मराठीत बोलतात. वही मात्र आज रात्रीच सुरू करा.